गुराखीण, पान दोनशे बारा

“काही नाही, घरीच असतात.”

एवढे चार शब्द विरामरावांच्या तोंडून गेले आणि पुढचे बारा दिवस त्यांना स्वतःच्या घरात चोरासारखं वावरावं लागलं. शब्द मोजायची त्यांना सवयच होती. सव्वीस वर्षं ते शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरीला होते आणि शब्द म्हटला की तो मोजायचा, उलटासुलटा करून पाहायचा आणि कार्डावर उतरवून खोक्यात टाकायचा, हेच त्यांचं काम.

विरामराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बोलता बोलता मध्येच थांबायचं, हवेत बोट धरायचं आणि योग्य शब्द सापडला की मगच पुढे सरकायचं, अशी त्यांची रीत. त्यावरून कचेरीत त्यांना ‘स्वल्पविराम’ म्हणत. ते नाव इमारतीत पोहोचलं आणि तीन जिने चढता चढता झिजून विरामराव झालं. आपणही तेच म्हणू. त्यांनाही ते आता आवडतं, फक्त ते तसं कबूल करत नाहीत.

तर झालं असं, की एका मंगळवारी सकाळी सरकारी गणनेच्या बाई दारात आल्या. हातात फॉर्मांचा गठ्ठा, कानामागे पेन. घरात माणसं किती, खोल्या किती, नळ किती, असं सगळं विचारून झालं. विरामराव खुशीत होते. कुणी प्रश्न विचारले की ते खुशीतच असतात. मग बाईंनी खिडकीपाशी बसून वाटाणे सोलणाऱ्या सासूबाईंकडे पेन रोखलं आणि विचारलं, “आणि या आजी? यांचा व्यवसाय काय होता?”

इथे खरं म्हणजे थांबायला हवं होतं. आयुष्यभर नको तिथे थांबलेला माणूस नेमका इथे थांबला नाही. “काही नाही, घरीच असतात,” असं म्हणून मोकळा झाला.

बाईंनी रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि त्या शेजारच्या दाराकडे वळल्या.

सासूबाईंनी हातातली शेंग परातीत ठेवली. “जावईबापू, निरंक म्हणजे काय हो?”

शब्दाचा अर्थ विचारला, तोही सासूबाईंनी! विरामरावांना कोण आनंद झाला. “निरंक म्हणजे, शून्य. ज्या रकान्यात लिहिण्यासारखं, काहीही नसतं, तिथे तो शब्द वापरतात.”

“अस्सं,” सासूबाई म्हणाल्या. “वयाच्या अकराव्या वर्षापासून मी गावची गुरं राखली. सत्तेचाळीस वर्षं. साठ जनावरं सकाळी न्यायची आणि संध्याकाळी साठच्या साठ परत आणायची. अंगात ताप असताना नेली, पोटात हिची आई— हिची कसली, हीच होती, तेव्हाही नेली.” एवढं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या आपल्या लेकीकडे, म्हणजे विरामरावांच्या बायकोकडे, बोट दाखवलं. “आणि ते सगळं निरंक. बरं झालं कळलं.”

त्यांनी वाटाण्यांची परात लेकीच्या हातात दिली, फोन उचलला आणि धाकट्या लेकीला सांगितलं, की पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी तुझ्या नवऱ्याला गाडी घेऊन पाठव. मी तुझ्याकडे राहायला येते. कायमची.

“अहो, तुम्ही असं सांगितलंत?” बायको एवढंच म्हणाली. पण तिच्या ‘अहो’मध्ये पुढचा पाऊण तास सामावलेला होता.

आता कुणी म्हणेल, सासू चालली तर जावयाला काय एवढं? उलट बरंच. पण विरामरावांचं तसं नव्हतं. सासूबाई घरात आल्यापासून रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर चहा आणि पत्ते असा त्यांचा नेम होता. सासूबाई पत्त्यांत उघड उघड लबाडी करायच्या आणि पकडलं की “दिसलं का? नजर सुधारली हो तुमची,” म्हणायच्या. शब्दांच्या गोष्टी ऐकून घेणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. बायको पहिल्या स्वल्पविरामालाच उठून जायची. सासूबाई गेल्या तर संध्याकाळचं काय करायचं? शिवाय चूक आपली आहे हेही त्यांना कळत होतं.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. माफी मागायची सोडून ते पांडित्य काढायला गेले. “आई, रागावू नका. फॉर्मात तसा, रकाना नसेल. पण भाषेत तुमच्या कामाला शब्द आहे. आमच्या कोशात आहे. थांबा, दाखवतोच.” आणि त्यांनी कपाटातून तिसरा खंड काढला, पान दोनशे बारा उघडलं आणि खड्या आवाजात वाचलं, “गुराखीण. स्त्रीलिंगी नाम. गुराख्याची बायको.”

वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं ते.

“माझा नवरा शिंपी होता,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “गाय समोरून आली तर रस्ता बदलायचा. म्हणजे तुमच्या पुस्तकाप्रमाणे मी शिंपीण. आणि मी जन्मात एक बटण लावलेलं नाही. माझीसुद्धा तोच लावायचा.” मग पुस्तकाकडे बोट करून म्हणाल्या, “कुणी लिहिलं हे?”

“समिती असते, आई,” विरामराव म्हणाले.

हे खोटं होतं. लिहिलं होतं स्वतः विरामरावांनीच.

ती हकिकत अशी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर एकशे चाळीस कार्डांचा ट्रे आला. सुतारीण, लोहारीण, धोबीण, माळीण, शिंपीण, सगळ्या एका रांगेत उभ्या. प्रत्येकीचा अर्थ लिहायचा होता. तरुण विरामरावांनी पाच कार्डं नुसती चाळली, सहाव्याला त्यांच्या डोक्यात कल्पना आली. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक रबरी शिक्का करून आणला. शिक्क्यावर अक्षरं होती : ‘ची बायको’. मग काय! हाताने ‘सुतारा’ लिहायचं आणि शिक्का मारायचा. ‘लोहारा’ लिहायचं, शिक्का मारायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर बसले ते चहाच्या आत एकशे चाळीस बायकांची लग्नं लावून मोकळे झाले. तेव्हाच्या उपसंपादकांनी, जे आता मुख्य संपादक आहेत, त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटून त्यांना ‘कल्पक’ म्हटलं. तो शिक्का विरामरावांनी आठवण म्हणून खणात जपून ठेवला होता. आयुष्यात पाठ थोपटून घ्यायचे प्रसंग असे कितीसे येतात!

माळीण स्वतःच्या हाताने झाडं लावत असेल, धोबिणीचे हात साबणाने सोलवटत असतील, हे त्या दुपारी त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. खरं सांगायचं तर पुढच्या सव्वीस वर्षांतही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मुख्य संपादकांपुढे उभे राहिले. कोशाची पुरवणी छापायला जायची होती, बारा दिवस उरले होते. “गुराखीण या शब्दाला, दुसरा अर्थ जोडावा म्हणतो. गुरं राखणारी स्त्री.”

मुख्य संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. “नवीन अर्थ? मग नियम ठाऊक आहे ना? तीन छापील दाखले. तीन वेगवेगळ्या हातचे. तोंडी चालत नाहीत.”

हा नियम विरामरावांना ठाऊक नसेल तर कुणाला! गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनीच तो शेकडो लोकांना ऐकवला होता, तोही जरा चवीने.

त्या संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना भीतभीत विचारलं, “आई, गावात तुम्हाला, काय म्हणायचे?”

सासूबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्या भिंतीशी बोलल्या. “सकाळी मी वेशीवरून हाक दिली की घराघरातून बाया ओरडायच्या, ‘आली गं गुराखीण, सोड गुरं!’ आणि दावी सुटायची. रोज. सत्तेचाळीस वर्षं. आता ते छापायला कुणी वेशीवर बसलं नव्हतं, ही माझीच चूक.”

मग शोध सुरू झाला. विरामरावांनी कचेरीच्या ग्रंथालयातली धूळ चार दिवस खाल्ली. गुराखी जागोजागी सापडला. तो बासरी वाजवत होता, झाडाखाली झोपत होता, त्याच्या हातून वासरू हरवत होतं. गुराखीण एकदाच सापडली, एका जुन्या शाळेच्या पुस्तकात, आणि तिथे ती दारात उभी राहून नवऱ्याची वाट पाहत होती. विरामरावांनी पुस्तक जरा जोरातच मिटलं.

अशी गोष्ट इमारतीत लपत नाही. जिन्यात सल्ले मिळू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गवळण लिहा की हो. किती गोड वाटतं!” या डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. वैद्यकी शिकलेल्या नाहीत, पण तीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी राहून त्या औषधं मात्र सांगतात आणि लोक ती घेतातही. सासूबाईंनी वरून उत्तर दिलं, “गवळण दूध विकते. मी दुधाचा थेंब विकला नाही. गुरं राखायची, दूध ज्याचं त्याच्या घरी.”

तळमजल्यावर निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. त्यांच्या मते जगातला प्रत्येक घोळ हा वेळापत्रकाचा घोळ असतो. त्यांनी मात्र एक कामाची गोष्ट सांगितली आणि तिनेच पुढे घात केला. “छापील पाहिजे ना? मग छापून आणा. वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं येतात, त्यात द्या ठोकून. मी गाड्यांच्या उशिराबद्दल अकरा पत्रं लिहिली आहेत.”

“तुम्ही स्वतःच स्टेशनमास्तर होतात ना?”

“म्हणूनच तर मला आतली माहिती होती.”

विरामरावांनी पत्र लिहिलं. तीन वेळा खोडून लिहिलं. ‘आमच्या घरी एक गुराखीण राहते. तिने सत्तेचाळीस वर्षं गावची साठ गुरं राखली...’ अशी सुरुवात करून पुढे दीड पान. खाली नाव नको म्हणून ‘एक वाचक’ लिहिलं. पत्ता मात्र नियमाप्रमाणे पूर्ण दिला. नियम म्हणजे नियम.

चौथ्या दिवशी पत्र छापून आलं. वर्तमानपत्रातल्या माणसाला जागा कमी पडली असावी आणि शब्दही जुना वाटला असावा. छापलं होतं ते असं : ‘महिला पशुपालकाची जिद्द. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक महिला पशुपालक राहतात. त्या साठ गुरे सांभाळतात. – एक वाचक.’ आणि खाली पत्ता, पिनकोडसकट.

दीड पानातून सत्तेचाळीस वर्षं गेली, गाव गेलं आणि ज्या एका शब्दासाठी एवढा खटाटोप केला होता तोही गेला. राहिली ती साठ गुरं, तीही तिसऱ्या मजल्यावर.

शुक्रवारी सकाळी पशुसंवर्धन खात्याचे निरीक्षक दारात उभे. सोबत नोटीस. निवासी इमारतीत विनापरवाना जनावरं पाळल्याबद्दल. खाली फाटकात त्यांची मोठी गाडी उभी होती, जनावरं चढवायला तिची मागची फळी आधीच पाडून ठेवलेली. वाटेत बाजारात पकडलेली एक मोकाट गाय आत होती.

“साठ गुरं कुठे आहेत?” निरीक्षकांनी विचारलं.

विरामरावांनी हवेत बोट धरलं. “ती, भूतकाळात आहेत.”

“वर आणली कशी? लिफ्टने?”

“लिफ्ट फक्त सहा माणसांची आहे, आणि सध्या बंद आहे,” मागून चढून आलेल्या स्टेशनमास्तरांनी गंभीरपणे माहिती पुरवली. त्यांना मदतच करायची होती.

निरीक्षक मनाने वाईट नव्हते. पण साठ गुरांची नोंद कागदावर चढली होती आणि कागदावर चढलेलं जनावर खाली उतरवायला दुसरा कागद लागतो. ‘जनावरे न सापडल्याचा पंचनामा’ असा छापील फॉर्मच त्यांच्याकडे होता. मग त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, माळा पाहिला. चादर टाकून ठेवलेल्या वॉशिंग मशीनपाशी ते जरा थबकले. बायको हाताची घडी घालून उभी होती. “बघा, बघा. बॅगा भरलेल्या आहेत त्याही बघा. निदान आईचं सामान आवरलेलं आहे हे तरी सरकारदरबारी लागू दे,” ती म्हणाली. विरामरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण ते तिसऱ्या मजल्यावर होते.

एवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. गाडीतली गाय कंटाळून फळीवरून उतरली होती आणि नेमकी फाटकाच्या मधोमध बसली होती. तोंड चौकीदाराच्या खोलीच्या भिंतीला, शेपूट रस्त्याला. ना कुणाला आत येता येईना, ना बाहेर जाता येईना. डॉक्टरांची गाडी अडकली आणि दवाखान्यात माणसं खोळंबली.

पुढचा तासभर त्या गाईपुढे इमारतीतली सगळी विद्वत्ता उभी राहिली. निरीक्षकांच्या ड्रायव्हरने दोर लावून एका बाजूने ओढलं. स्टेशनमास्तरांनी हिरवं फडकं हलवून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोज पाजायला सांगितलं, आणि खुद्द डॉक्टर म्हणाले, “माझा विषय कान-नाक-घसा.” निरीक्षकांनी नोटीस वाचून दाखवली नाही एवढंच. विरामरावांवर मागून ढकलायची पाळी आली. गाईला अगं म्हणावं की अहो, हे त्यांचं ठरेना. परक्या बाईशी एकदम अगं-तुगं कसं करायचं? शेवटी ते वाकून “उठावं आता,” असं म्हणाले. गाईने कान हलवला. तेवढाच त्या तासाभरात मिळालेला प्रतिसाद.

सासूबाई वरून गॅलरीतून सगळं पाहत होत्या. मग त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या. लोक बाजूला झाले. त्या गाईभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, “इथे एवढी शिकलेली माणसं आहेत. गाय उठते कशी, हे कुणी पाहिलंय का?”

सगळे डॉक्टरांकडे पाहू लागले.

“आपण उठतो ते हात टेकून, पुढून. गाय आधी मागचे पाय उभे करते. त्यासाठी तिला डोकं पुढे टाकावं लागतं, हातभर तरी. तिच्या नाकापुढे भिंत आहे, आणि भिंत सोडून जी जागा उरली तिथे तुम्ही सगळे उभे. शिवाय दोर ओढताय. कशी उठेल बिचारी? दोर सोडा. आणि व्हा सगळे मागे. डॉक्टर, तुम्हीसुद्धा.”

सगळे मागे झाले. सासूबाईंनी गाईचं तोंड हलकेच धरून मोकळ्या बाजूला वळवलं, पाठीवर थाप दिली आणि जिभेने ‘ट्चक्’ असा आवाज केला. गाईने डोकं पुढे टाकलं, मागचा भाग उचलला, मग पुढचा एक पाय, मग दुसरा. उभी राहिली. सासूबाई गाडीकडे चालू लागल्या तशी त्यांच्या मागोमाग चालत फळीवरून वर गेली. दोराला कुणी हातही लावला नव्हता.

इमारतीने टाळ्या वाजवल्या. स्टेशनमास्तर ओरडले, “वा, गुराखीणबाई!” सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. असा उजळलेला चेहरा विरामरावांनी पत्त्यांतला डाव लाटतानाही पाहिला नव्हता.

निरीक्षकांनी फॉर्म काढला. “अहवाल द्यावा लागेल. जनावर कुणी आवरलं त्याचं नाव आणि हुद्दा. हुद्दा काय लिहू, आजी?”

“जावईबापूंना विचारा,” सासूबाई म्हणाल्या. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्या भिंतीऐवजी त्यांच्याकडे पाहून बोलल्या. “हुद्दे त्यांच्या पुस्तकात असतात.”

“गुराखीण,” विरामराव ताबडतोब म्हणाले.

निरीक्षक लिहिता लिहिता थांबले. “म्हणजे यांचे मालक गुराखी?”

“शिंपी.”

“मग कसं जमेल? शब्दांच्या बाबतीत आमचं खातं फार काटेकोर आहे हो. टेबलावर कोशच ठेवलाय. तिसरा खंड. मागे एका प्रकरणात मी स्वतः पाहिलंय. गुराखीण म्हणजे गुराख्याची बायको. हुद्द्याच्या रकान्यात बायको चालत नाही.” त्यांनी मान हलवली, खरोखरच वाईट वाटून, आणि त्या रकान्यात लिहिलं : निरंक.

सासूबाई त्याच पावली वळल्या आणि जिना चढू लागल्या, एकेक पायरी. विरामराव खाली उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते. सासूबाईंना बसलेली ही चपराक ना त्या गणनेच्या बाईंची होती, ना या निरीक्षकांची. सव्वीस वर्षांपूर्वी जेवण आणि चहा यांच्या मधल्या वेळात एका कल्पक माणसाने ती मारून ठेवली होती.

शनिवारी कार्यालय अर्धा दिवस. विरामराव मुख्य संपादकांपुढे गेले. त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं, पंचनाम्याची प्रत ठेवली, गाईचीही हकिकत सांगितली. मुख्य संपादकांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, “कात्रणात शब्दच नाही. पंचनामा हाताने लिहिलेला, आणि त्यातही निरंक. गाईचा दाखला तोंडी. नाही जमणार. पुरवणी सोमवारी छापायला जाते.”

“दुसरा, काही मार्ग?”

“मार्ग तुम्हाला ठाऊक आहे. पुरवणीत नवीन अर्थ घालायचा तर दाखले लागतात. शुद्धिपत्राला लागत नाहीत. तिथे फक्त एवढंच नोंदवावं लागतं, की चूक झाली, आणि ती कुणाची.”

मार्ग विरामरावांना ठाऊक होताच. पहिल्या दिवसापासून होता. चार दिवस धूळ खाल्ली, पत्र छापून आणलं, घरावर पंचनामा ओढवून घेतला, ते सगळं या एका मार्गाने जायला नको म्हणून. शुद्धिपत्रातली चूक कार्यालयात सगळ्यांसमोर, नावासकट वाचली जाते. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर शुद्धिपत्रात एक ओळ नव्हती. निवृत्तीच्या भाषणात ते वाक्य कुठे घालायचं हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलेलं होतं.

“बोला,” मुख्य संपादक म्हणाले. “चूक कुणाची?”

“माझी,” विरामराव म्हणाले. मध्ये कुठेही न थांबता. मग खिशातून तो रबरी शिक्का काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

मुख्य संपादकांनी शिक्का उचलला, उलटा करून वाचला. “मी तेव्हा तुम्हाला कल्पक म्हणालो होतो,” ते म्हणाले. “तेही शुद्धिपत्रात घालावं लागेल की काय?” मग त्यांनी मान वर केली. “एक मिनिट. या शिक्क्याने आणखी किती?”

“एकशे एकोणचाळीस.”

रविवारी सकाळी दहा वाजता साडू गाडी घेऊन आले. सासूबाई चप्पल घालून खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी दोन बॅगा. बायको कुणाकडेच पाहत नव्हती. विरामरावांनी खिशातून शुद्धिपत्राच्या छपाईचा कच्चा नमुना काढला, चष्मा लावला आणि वाचू लागले. आवाज मात्र या वेळी खडा नव्हता.

“पान दोनशे बारा. ‘गुराखीण’ या शब्दापुढे ‘गुराख्याची बायको’ असे छापले आहे, ते चूक आहे. त्याऐवजी असे वाचावे : गुरे राखणारी स्त्री.”

“पुन्हा वाचा,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं.

“कुणी केली होती चूक? समितीने?”

“नाही, आई. मी. तेव्हाही मी, आणि त्या गणनेच्या बाईंपुढेही मीच. अजून एकशे एकोणचाळीस जणींना मी अशाच नुसत्या बायका करून ठेवलंय. मला फार वाईट वाटतंय. तुम्ही जाऊ नका.”

सासूबाईंनी तो कागद हातात घेतला. लिहायला-वाचायला त्या शिकल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “यात मी कुठली?” विरामरावांनी शब्दावर बोट ठेवलं. सासूबाईंनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग डोळे पुसून चप्पल काढली.

“बापू, तुम्ही चहा घ्या आणि निघा,” त्या धाकट्या जावयाला म्हणाल्या. “मला येता येणार नाही. इथे अजून एकशे एकोणचाळीस बायका अडकल्यात म्हणे. यांच्या एकट्याच्याने व्हायचं नाही. यांना गाय उठवता येत नाही.”

आणि ते खरंच होतं. मुख्य संपादकांनी शिक्षा म्हणा, शहाणपण म्हणा, दोन खोकी भरून कार्डं विरामरावांच्या घरी पाठवली. कचेरीत यायचं नाही, एकेक बाई तपासायची, प्रत्यक्ष विचारून तपासायची आणि सगळ्या झाल्या की मगच तोंड दाखवायचं. तेव्हापासून विरामराव घरी खोकी उघडून बसत आणि सासूबाई समोर बसून सांगत, माळीण काय करायची, लोहारीण भाता कसा ओढायची. चार वाजता चहा, आणि पत्ते आता केव्हाही. लबाडी पूर्ववत सुरू झाली.

महिनाभराने गणनेच्या बाई फेरतपासणीला आल्या. विरामराव धावत दारात गेले. त्यांनी बोट हवेत धरलं नाही. “दुरुस्ती आहे. या आमच्या सासूबाई. व्यवसाय, गुराखीण. सत्तेचाळीस वर्षं. शब्दाबद्दल शंका असेल तर शुद्धिपत्र दाखवतो.”

बाईंनी ‘निरंक’ खोडून ‘गुराखीण’ लिहिलं. सासूबाई खिडकीतून पाहत होत्या. बाईंनी पेन उचलेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

“आणि तुमचं काय?” बाईंनी विरामरावांकडे पाहिलं. अंगात घरचा सदरा, हातात पत्ते, वेळ सकाळी साडेअकराची. “तुमचा व्यवसाय?”

विरामराव योग्य शब्द शोधण्यासाठी थांबले. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

“काही नाही, घरीच असतात.”